कुजबुजेंची गप्प बसायची नोकरी

कुजबुजे हे त्यांचं खरं आडनाव नव्हतं. ते नाटकमंडळीनं दिलेलं, आणि असं चिकटलं की टपालवालासुद्धा दारात येऊन "कुजबुजे आहेत का?" असंच विचारायचा. ऐन तारुण्यापासून केस पिकेपर्यंत या माणसाचं आयुष्य विंगेत गेलं. हातात नाटकाची प्रत, नाकावर चष्मा, डोक्यावर एक मिणमिणता दिवा आणि समोर उजेडात घाम गाळणारे नट. नट अडखळला रे अडखळला, की कुजबुजेंच्या ओठांतून पुढचा शब्द असा सुटायचा की तो नटाच्या कानात पडावा आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला त्याचा पत्ताही लागू नये. अख्ख्या मंडळीची अब्रू त्या ओठांवर उभी होती. टाळ्या मात्र दुसऱ्यांच्या. पडदा पडायच्या वेळी नट वाकून नमस्कार करत असत, तेव्हा हे विंगेत वाकून विखुरलेली पानं गोळा करत असत.

पुढे मंडळी मोडली. नाट्यगृहात सोफे आणि कपाटं विकणाऱ्याचं दुकान आलं. कपडेपट सांभाळणारी त्यांची बायको घरी बसून लोकांच्या पँटी आखूड करून द्यायला लागली. कुजबुजेंना काहीच काम उरलं नाही, मग शब्द पुरवायची हौस ते बायकोवर भागवू लागले.

"अहो, तो कोपऱ्यावरचा..." बायको सुरू करायची.

"दूधवाला."

"दूधवाला नाही! तो कोपऱ्यावरचा नळ..."

"गळतोय."

"बंद झालाय! माझं वाक्य मला संपवू द्याल का एकदा तरी? लग्न झाल्यापासून मी एक वाक्य पुरं बोललेली नाही. देवाशपथ सांगते, एक नाही!"

ती काम करताना टाचण्या तोंडात धरायची. आपण बोलायला लागलो तर हे मध्ये पडणार, त्यापेक्षा टाचण्या बऱ्या, असं तिचं मत. शेवटी तिनंच कुठूनतरी बातमी काढली. शहराच्या टोकाला मनोरुग्णांचं जे रुग्णालय होतं, तिथल्या संशोधन विभागाला प्रश्न वाचून दाखवणारा माणूस हवा होता. स्वच्छ वाणी हवी, पदरचा शब्द घालायचा नाही, एवढीच अट.

"जा," ती म्हणाली. "तिकडे वाचा. मला इकडे श्वास घेऊ दे."

संशोधन विभाग म्हणजे लांबलचक व्हरांड्याच्या शेवटी तीन खोल्या. तिथल्या मुख्य डॉक्टरीणबाई कुजबुजेंच्या मुलीच्या वयाच्या असतील. केस कसेतरी पेन्सिलीनं खोचलेले, टेबलावर कालच्या चहाचा कप, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, आपण कुठलीतरी गाडी चुकवली आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी काम समजावून सांगितलं. खोल नैराश्यावरचं एक नवं औषध तपासून बघायचं होतं. निम्म्या पेशंटना खरं औषध, निम्म्यांना अगदी तशाच दिसणाऱ्या पिठाच्या गोळ्या. कुणाला काय मिळतंय हे पेशंटला माहीत नाही, डॉक्टरांना नाही, इथल्या कुणालाच नाही; त्याची यादी दूरच्या गावी बंद पाकिटात. पेशंटही हे ऐकून, समजून, राजीखुशीनं आलेले. दर भेटीत त्यांना तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारायचे आणि उत्तरं ध्वनिमुद्रित करायची. ती दुसऱ्या गावचे डॉक्टर ऐकणार आणि कोण किती सुधारलं ते ठरवणार.

"त्याच शब्दांत म्हणजे त्याच शब्दांत, काका. 'काय, बरं ना आता?' असं म्हणायचं नाही."

"एवढं तर माणूस सहज विचारतो, बाई."

"आणि समोरचा सहज 'बरं' म्हणतो. मग ते औषधाचं बरं की तुमच्या लाघवाचं बरं, हे मी कुठे शोधत बसू? 'अरेरे' म्हणायचं नाही. 'वा' म्हणायचं नाही. मान हलवायची नाही. आणि ते चुकचुकणं बंद करा."

"मी चुकचुकलो?"

"आत्ता."

प्रश्नांची पानं हातात आली तेव्हा मात्र कुजबुजे हरखून गेले. कितीतरी दिवसांनी हातात प्रत आली होती! घरी येऊन त्यांनी ती पाठ केली, कुठे थांबायचं, कुठे स्वर उतरवायचा ते ठरवलं. आठवड्याभरात डॉक्टरीणबाईंनाही कबूल करावं लागलं की असं स्वच्छ वाचन त्यांनी ऐकलं नव्हतं.

वैताग सुरू झाला तो पेशंटपासून.

मुलाखतीची खोली म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि आवाज टिपणारं यंत्र. भिंतीवरचं घड्याळ काढून टाकलेलं, कारण त्याची टिकटिक आत यायची. पंखा बंद, कारण त्याची घरघर आत यायची. खिडकी बंद, कारण बाहेरच्या गाड्या आत यायच्या. अशा भट्टीत कुजबुजे मन लावून प्रश्न विचारायचे, आणि समोरचा माणूस गप्प बसायचा. साधा गप्प नाही. तळाला गेल्यासारखा गप्प. आजारच तसा होता, शब्द वर यायला वेळ लागायचा, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि सोसणं वेगळं. ज्या माणसाला जन्मभर शांतता म्हणजे अपघात वाटला, त्याला त्या खोलीत रोज अपघात बघत बसावं लागत होतं. शर्ट पाठीला चिकटायचा. पायाची बोटं चपलेत आक्रसायची.

"वैताग आहे नुसता," ते घरी येऊन म्हणायचे. "एक शब्द बोलायचा तर यांना..."

बायको तोंडातल्या टाचण्या काढून म्हणायची, "युग लागतं. कसं वाटतं दुसऱ्यानं वाक्य संपवलं की?"

सगळ्यांत अवघड होता तो किल्लीवाला. चौकात छत्री लावून किल्ल्या करून द्यायचा, कुलपं दुरुस्त करायचा. आता महिनोन् महिने ते बंद होतं. त्याला घेऊन यायची त्याची थोरली बहीण, अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. ती दारातूनच भावाची उत्तरं द्यायला लागायची.

"झोपत नाही हो! जेवत नाही! मी म्हणते, अरे, दोन घास तरी..."

"ताई, तुम्ही बाहेर बसा."

"बसते. पण तो सांगणार नाही, मी सांगून ठेवते!"

दार लागायचं, आणि मग ती शांतता. किल्लीवाला स्वतःच्या बोटांकडे बघत बसायचा. कुजबुजे प्रश्न विचारायचे, वाट बघायचे, घाम पुसायचे. मग केव्हातरी उत्तर यायचं. प्रत्येक भेटीत ते जरा लवकर यायला लागलं, आणि कुजबुजेंना बरं वाटलं. गडी सुधारतोय! औषध लागू पडलं!

एके दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी त्यांना आपल्या खोलीत बोलावलं.

"काका, आपल्याकडे येणारे पेशंट कवी आहेत का?"

"म्हणजे?"

"ऐकणाऱ्या डॉक्टरांची तक्रार आलीय. बसचा ड्रायव्हर म्हणतो, आत कुणीतरी दिवा मालवून निघून गेलंय. इस्त्रीवाली म्हणते, आत कुणीतरी दिवा मालवून निघून गेलंय. शाळेचे मास्तर, तेही तेच. हा काय प्रकार आहे?"

कुजबुजेंना ते वाक्य ओळखीचं वाटलं. वाटणारच. मंडळीच्या एका जुन्या शोकांतिकेत नायिका तिसऱ्या अंकात ते म्हणायची, आणि दर प्रयोगाला नेमकी तिथेच अडकायची.

"दुःख सगळ्यांचं सारखंच असतं, बाई," ते म्हणाले.

"असेल. शब्दांसकट?"

बाईंनी यंत्र लावलं आणि आवाज पुरा वर केला. खोलीभर खरखर पसरली. त्यात कुजबुजेंचा स्वच्छ प्रश्न. त्यावर ड्रायव्हरचा जड आवाज, "वाटतं... म्हणजे असं की... असं..." मग थोडी शांतता. आणि त्या शांततेच्या पोटातून, भिंतीवरून पाल सरकावी तशी, एक कुजबुज, "आत कुणीतरी दिवा मालवून निघून गेलंय..."

"हां!" ड्रायव्हर सुटल्यासारखा म्हणाला. "दिवा मालवून निघून गेलंय."

"हे कोण मध्ये बोलतंय?" कुजबुजेंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

"मी?"

"तुम्ही, काका! दर मुलाखतीत! रात्री बसून सगळं ऐकलंय मी. त्यांचं तोंड उघडायच्या आत तुमचा शब्द तयार. मी इथे औषध तपासतेय की तुमचं नाटक बसवतेय?"

"मला माहीतच नाही हो," कुजबुजे पुटपुटले. आणि ते खरंच होतं. शिंक आपण ठरवून देतो का? समोर माणूस अडला की त्यांचे ओठ आपोआप हलत आले होते. त्या ओठांनी आपलं पोट भरलं, बायकोला घर दिलं, आणि आता त्याच ओठांनी तोंडघशी पाडलं. त्यांना स्वतःचा असा राग आला की कानशिलं तापली. काय म्हणावं या तोंडाला! जिथे नको तिथे चालतंय!

"बाकीचं मी निस्तरीन," बाई म्हणाल्या. आवाज आता चढा नव्हता, आणि त्यानं कुजबुजेंना जास्तच भीती वाटली. "पण हे ऐका."

पुन्हा खरखर. कुजबुजेंचा आवाज, "गेल्या आठवड्यात, जगणं नको असं कधी वाटलं का?" खुर्ची करकरली. शांतता. मग ती पाल, "नाही... तसं काही नाही." आणि किल्लीवाल्याचा सपाट आवाज, "नाही. तसं काही नाही."

बाईंनी यंत्र थांबवलं.

"हे उत्तर त्याचं की तुमचं?"

कुजबुजेंनी तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना शब्द सुचला नाही. बाईंनी त्यांच्यासाठी थांबायच्या ऐवजी फोन उचलला होता आणि किल्लीवाल्याच्या बहिणीचा नंबर फिरवत होत्या.

दुपारी बहीण भावाला घेऊन आली ती तणतणतच. "परवाच येऊन गेलो की! आम्हाला काय दुसरे उद्योग नाहीत? आणि आता तर बोलतोय तो, तुम्हीच म्हणालात ना?" तिला बाकावर बसवून डॉक्टरीणबाई किल्लीवाल्याला घेऊन आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा पेन्सील केसांतून निघून हातात आली होती आणि मोडली होती.

"तेच वाक्य," त्या म्हणाल्या. "नाही, तसं काही नाही. कितीही फिरवून विचारा, तेच. पाठ झालंय त्याला. आणि वर मला म्हणतो, काकांना विचारा, त्यांना माहितेय मी काय बोलतो ते."

बाईंनी पेन्सिलीचे तुकडे खिशात टाकले.

"त्याला मी असाच घरी पाठवणार नाही. पण मनात काय शिजतंय ते त्याच्या तोंडून कळायला हवं. तो माझ्याशी नाही बोलणार. तुमच्याशी कदाचित बोलेल. मी मागे बसते, तुम्ही विचारा. आणि त्यानंतर, काका, तुमच्या पाया पडते, ओठ शिवून घ्या. टाचण्या लावा. काय वाटेल ते करा. पण एक शब्द नको."

खोलीत पंखा बंद होता. सवयीनं कुणीतरी केला असावा. आज यंत्र लावलेलंसुद्धा नव्हतं. किल्लीवाला खुर्चीत बसला होता. बाई त्याच्या मागे भिंतीशी. कुजबुजेंनी पान समोर धरलं नाही. त्याची गरज नव्हती.

"गेल्या आठवड्यात, जगणं नको असं कधी वाटलं का?"

आणि शांतता आली.

सुरुवातीला कुजबुजेंना ती सोसली. मग त्यांच्या जिभेच्या टोकावर 'नाही' येऊन उभा राहिला, रंगमंचावर जायला आतुर झालेल्या नवख्या नटासारखा. त्यांनी ओठ मिटले. तो दातांवर धडका द्यायला लागला. त्यांनी गाल आतून चावला. बोल ना बाबा! बोल काहीतरी! किती छळशील? घाम भुवईवरून डोळ्यांत उतरला तरी त्यांनी हात उचलला नाही.

आणि तेव्हा, इतक्या वर्षांनी, मंडळीच्या एका जुन्या नायकाचा टोप त्यांना आठवला. राजाचा टोप, खोट्या मोत्यांचा. प्रयोग संपल्यावर तो विंगेत येऊन नायकानं यांच्या अंगावर भिरकावला होता. "मी विसरलो नव्हतो! मी थांबलो होतो! विसरलेला नट तुझ्याकडे बघतो, आणि थांबलेला नट स्वतःकडे बघतो. एवढंही कळत नसेल तर विंगेत खुंटी उभी करा, तिला निदान कपडे तरी टांगता येतील!" कुजबुजे तेव्हा रडले होते. पण त्यानंतर ते शिकले. शब्द टाकायच्या आधी नटाच्या डोळ्यांकडे बघायला शिकले. थांबलेल्या नटाला शब्द देणं हा त्या धंद्यातला सगळ्यांत मोठा गुन्हा. पुढे पुढे तर त्यांची ख्याती झाली होती, कुजबुजे कधी गप्प बसायचं ते जाणतात म्हणून.

मग इथे काय झालं होतं? इथे त्यांना वाटलं होतं की ही सगळी विसरलेली माणसं आहेत. आजारी आहेत, सुचत नाही बिचाऱ्यांना. दयेपोटी ते बघायचंच विसरून गेले होते.

आता त्यांनी बघितलं. किल्लीवाला त्यांच्याकडे बघत नव्हता. एकदाही बघितलं नव्हतं त्यानं, पहिल्या भेटीपासून. तो आपल्या बोटांकडे बघत होता, आणि अंगठा तर्जनीवरून हळूहळू फिरवत होता, नुकत्याच कापलेल्या किल्लीच्या दात्यांवर कुठे खरखरीत उरलंय का ते चाचपावं तसा.

हा विसरलेला नव्हता. हा थांबला होता. पहिल्या दिवसापासून थांबलेला होता, आणि दर वेळी कुणीतरी त्याच्या तोंडात दुसरंच वाक्य कोंबत होतं.

कुजबुजेंच्या जिभेवरचा 'नाही' मुकाट्यानं परत गेला.

बाहेर बहीण कुणाशीतरी तावातावानं बोलत होती. मग तीही थांबली.

"वाटतं," किल्लीवाला म्हणाला.

कुजबुजे हलले नाहीत.

"रोज वाटतं." अंगठा फिरतच होता. "लोकांची दारं उघडून दिली जन्मभर. आता वाटतं, आपलं आतून लावून घ्यावं आणि किल्ली कुलपातच मोडावी. म्हणजे कुणाला... कुणाला यायला नको." पुन्हा शांतता. या वेळी ती कुजबुजेंना जड वाटली नाही. "माझा शेगडा, म्हणजे किल्ली धरायचा तो, चौकातल्या पोराला देऊन टाकला. कानसपण दिली. ताईला वाटतं दुरुस्तीला टाकलंय. या रविवारी ती मुलीकडे जाणार आहे. मी रविवार धरला होता."

एवढं बोलून त्यानं पहिल्यांदा मान वर केली, आणि खांद्यावरून पोतं उतरवल्यासारखा श्वास सोडला. डॉक्टरीणबाई उठून त्याच्याजवळ आल्या, शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आता यापुढचं आपण मिळून बघू. आज तुम्ही इथेच राहायचं."

कुजबुजे उठून बाहेर गेले. बहीण बाकावरून ताडकन उभी राहिली. "काय म्हणाला? मी सांगू का, तो म्हणाला असेल..."

"ताई," कुजबुजे म्हणाले, "जरा गप्प बसा. मी पण बसतो." आणि दोघं बाकावर शेजारी शेजारी बसून राहिली. डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावेपर्यंत तिनं पदराचं टोक पिळून पिळून दोरी केली होती.

किल्लीवाला चाचणीतून बाहेर पडला. दूरच्या गावाहून त्याच्या गोळ्यांच्या डबीचं गुपित उघडून मागवलं, तर आत नुसतं पीठ निघालं. म्हणजे जी काही सुधारणा कुजबुजेंना दिसली होती ती त्यांच्याच कुजबुजीची होती. त्याला वॉर्डात ठेवून रीतसर उपचार सुरू झाले. कुजबुजेंच्या सगळ्या मुलाखती रद्द झाल्या. इस्त्रीवालीला, ड्रायव्हरला, मास्तरांना, सगळ्यांना पुन्हा भेटून, चूक आमची झाली असं सांगावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी वरच्यांची बोलणी खाल्ली, आणि मग खाल्लेली सगळी व्याजासकट कुजबुजेंना वाढली.

"माझं अख्ख्या वर्षाचं काम, काका! अख्ख्या वर्षाचं!"

"मी उद्यापासून येत नाही."

"छान! म्हणजे माझ्या डोक्याला हा पण ताप! कुठे जाताय? ते नातेवाईक दारातून ओरडून उत्तरं देतात, त्यांच्याकडे कोण बघणार? बाहेर बसा तुम्ही. त्यांना काय हवं ते कुजबुजा. फक्त त्या दाराच्या आत पाऊल टाकलंत तर माझ्याशी गाठ आहे."

अशी कुजबुजेंना बाकावरची नोकरी मिळाली. तिथे ते रमले. बहिणी, बायका, बाप, सासवा, सगळ्यांची अर्धी वाक्यं ते दिवसभर पुरी करायचे आणि कुणाचं काही बिघडायचं नाही. घरी मात्र ते बदलले. बायको सुरू करायची, "अहो, तो आपला..." आणि हे तिच्या डोळ्यांकडे बघत बसायचे. "आता बोला की काहीतरी!" ती करवादायची. "मला खरंच आठवत नाहीये! नको तेव्हा चरचर जीभ चालायची, आणि आता मूग गिळून बसलेत!"

बऱ्याच दिवसांनी व्हरांड्यात कानशीचा आवाज आला. संशोधन विभागाच्या औषधाच्या कपाटाचं कुलूप धरत नव्हतं, आणि ते दुरुस्त करायला किल्लीवाला आला होता. चौकातल्या पोराकडून त्यानं आपला शेगडा परत आणला होता, म्हणजे त्याच्या बहिणीनं भांडून आणला होता. अंगानं थोडा भरला होता. अजून सावकाशच बोलायचा. अजून औषध चालू होतं, दर आठवड्याला यायचा. कधी बरा दिवस, कधी नाही, असं तोच सांगायचा.

कुजबुजे शेजारी जाऊन बसले. किल्लीवाल्यानं किल्ली उजेडात धरून बघितली, पुन्हा घासली.

"काका, तुमच्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत," तो म्हणाला. "पण जरा... जरा फार..."

तो थांबला. कुजबुजेंनी ओठ मिटून घेतले आणि त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. किल्लीवाला बोटांकडे बघत नव्हता. कानस हातात तशीच धरून तो सरळ यांच्याकडे बघत होता, विंगेकडे बघावं तसा, अगदी अगतिक होऊन.

"अहो, द्या की शब्द!" तो वैतागून म्हणाला.

कुजबुजेंनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, थोडे पुढे वाकले, आणि कित्येक दिवस दाबून धरलेली ती जुनी, मऊ, नेमकी कुजबुज त्याच्या कानात सोडली, "तापट."

"हां! तापट आहेत."

"मला ऐकू येतंय, काका!" आतल्या खोलीतून आवाज आला.